एका बेटाची दोन नावं

मुलांनो, या वेळी वाचायला बसण्याआधी ॲटलास घ्या. दक्षिण अमेरिकेचं पान उघडा आणि बोट खाली खाली सरकवत न्या. ब्राझील गेलं, उरुग्वे गेलं, आता अर्जेंटिनाचं लांबच लांब शेपूट लागेल. त्या शेपटाच्या उजव्या हाताला, अटलांटिक महासागरात, हातातून पडून फुटलेल्या पापडासारखे काही तुकडे दिसतात का? दोन मोठे, बाकी सगळा चुरा. सापडलं ना? आता नाव वाचा.

तुमच्या ॲटलासात बहुतेक 'फॉकलंड' छापलेलं असेल. पण अर्जेंटिनातल्या तुमच्याएवढ्या मुलीनं तिच्या शाळेतला नकाशा उघडला, तर तिथं लिहिलेलं असतं 'माल्विनास'. आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे कागद पाहिलेत तर तिथं दोन्ही नावं सापडतात, त्यातलं एक कंसात! एवढ्या मोठ्या संघटनेलासुद्धा एक नाव धड निवडता येत नाही, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आधी ही बेटं कशी आहेत ते पाहू. सगळी मिळून साताऱ्यासारख्या जिल्ह्यापेक्षा थोडी मोठी. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून साधारण ४८० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून सरळ रेषेत निघून गोवा ओलांडून थोडं पुढं जावं तेवढी. आणि ब्रिटनपासून? सुमारे १३ हजार किलोमीटर! वारा बारा महिने असा की उंच झाड उभं राहू नये. मूळचं एकही झाड तिथलं नाही. गवत, खडक, दलदल आणि पेंग्विन. १९८२ साली तिथं माणसं होती साधारण १,८००. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावात याहून जास्त असतात. मेंढ्या मात्र पाच लाखांहून अधिक! वर्गात मी हे सांगितलं तेव्हा चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, मग राज्य मेंढ्यांचंच म्हणायचं की!" सगळा वर्ग हसला, पण मुलानं बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं. एवढ्या मेंढ्यांच्या आणि एवढ्या थोड्या माणसांच्या जागेसाठी दोन देश लढले. ते का?

त्यासाठी नावांच्या मागं जावं लागेल. १६९० साली जॉन स्ट्राँग नावाचा इंग्रज कप्तान दोन मोठ्या बेटांच्या मधल्या सामुद्रधुनीतून गेला आणि आपल्या आरमाराच्या खजिनदाराचं, लॉर्ड फॉकलंड यांचं, नाव त्या पाण्याला देऊन पुढं निघून गेला. ज्याचं नाव दिलं तो कधी तिथं गेला नाही. पुढं १७६४ साली फ्रेंच आले. त्यांनी पहिली खरीखुरी वस्ती केली आणि फ्रान्समधल्या सेंट मालो बंदरावरून बेटांना 'मालुईन' म्हटलं. स्पॅनिश लोकांच्या जिभेवर त्याचं झालं 'माल्विनास'. म्हणजे बघा गंमत, ज्या नावासाठी अर्जेंटिनातली माणसं आजही डोळ्यांत पाणी आणतात, ते मुळात एका फ्रेंच बंदराचं!

फ्रेंचांनी आपली वस्ती १७६७ मध्ये स्पेनला देऊन टाकली. तोवर दुसऱ्या टोकाला इंग्रजांनीही एक ठाणं उभं केलं होतं. १७७० मध्ये स्पेननं त्यांना हुसकावलं, मोठं युद्ध होता होता राहिलं, १७७१ मध्ये ते परत आले आणि १७७४ मध्ये खर्च परवडेना म्हणून आपण होऊन निघून गेले. जाताना एक शिशाची पाटी मागं ठेवली, 'ही बेटं आमच्या राजाची' असं सांगणारी. स्पॅनिशही १८११ मध्ये गेले. त्यांनीही पाटी ठेवली. घरात कुणी नाही, दारावर पाट्या मात्र दोन.

मग स्पेनच्या तावडीतून अर्जेंटिना स्वतंत्र झाला. स्पेनचं ते आता आमचं, असं म्हणून १८२० साली त्यांनी बेटांवर झेंडा लावला. लुईस व्हर्नेट नावाच्या उद्योगी माणसानं तिथं गुराखी नेले, वस्ती केली. आणि जानेवारी १८३३ मध्ये ब्रिटनची 'क्लायो' ही युद्धनौका आली. तिच्या कप्तानानं अर्जेंटिनाच्या अधिकाऱ्याला सांगितलं, झेंडा उतरवा. गोळी एकही सुटली नाही. अर्जेंटिनाचे सैनिक निघून गेले आणि ब्रिटनचा झेंडा चढला.

इथून पुढचं भांडण म्हणजे हेच. अर्जेंटिना म्हणतं, बेटं आमच्या दारात आहेत, आम्हांला वारसाहक्कानं मिळाली, तुम्ही दांडगाईनं घेतलीत. ब्रिटन म्हणतं, आमचा दावा तुमच्या देशाच्या जन्माआधीचा आहे, आणि १८३३ पासून पिढ्यान्‌पिढ्या तिथं आमचीच माणसं राहतात, त्यांना काय हवं ते त्यांनाच ठरवू द्या. मला विचाराल तर दोन्ही बाजूंच्या कागदांत थोडंथोडं खरं आहे. म्हणून तर ते भांडण दीडशे वर्षं पुरलं. पण एक लक्षात ठेवा, ही दीडशे वर्षं ते कागदावरच होतं.

एवढंच नाही, १९७०च्या सुमाराला तर दोघांचं बरं जमायला लागलं होतं. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं सांगितलं, बोलणी करा. १९७१ मध्ये करार झाला. अर्जेंटिनाची विमानं बेटांवर येऊ लागली. कुणी फार आजारी पडलं तर त्याला अर्जेंटिनातल्या इस्पितळात नेत. बेटावरची काही मुलं तिकडच्या शाळांत शिकायला गेली. लंडनच्या सरकारलाही एवढ्या दूरची बेटं सांभाळण्याचा कंटाळा आला होता. त्यांच्या एका मंत्र्यानं १९८० साली बेटांवर जाऊन विचारलंसुद्धा, मालकी अर्जेंटिनाला देऊ आणि कारभार आपण काही वर्षं भाड्यानं चालवू, चालेल का? बेटावरच्या लोकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. १९८१ मध्ये ब्रिटननं नागरिकत्वाचा नवा कायदा केला, त्यात यांपैकी अनेक बेटकरांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वच गेलं. पुढं ज्यांच्यासाठी लढलो असं ब्रिटननं जगाला सांगितलं, तीच ही माणसं बरं का.

मग १९८२ साली असं काय घडलं?

त्याचं उत्तर बेटांवर नाही, अर्जेंटिनाच्या राजधानीत आहे, ब्युनॉस आयर्समध्ये. १९७६ पासून तिथं लष्करशहांचं राज्य होतं. निवडणुका बंद. विरोधात बोलणाऱ्यांना रात्री घरातून उचलून नेत आणि ती माणसं परत दिसत नसत. अशी हजारो माणसं 'नाहीशी' झाली. ठाण्यावर विचारावं तर उत्तर एकच, माहीत नाही. त्यांच्या आया १९७७ पासून दर गुरुवारी डोक्याला पांढरे रुमाल बांधून शहरातल्या मोठ्या चौकात गोल फिरत. मागणं एवढंच, आमची मुलं कुठं आहेत ते सांगा. त्या चौकाचं नाव प्लाझा दे मायो. हे नाव ध्यानात असू द्या.

१९८२ मध्ये जनरल गाल्तिएरी सत्तेवर होते. महागाई वर्षात दुपटीहून जास्त वाढत होती. ३० मार्चला कामगारांनी त्याच चौकाकडं मोर्चा काढला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, शेकडो लोकांना पकडलं. आणि तीनच दिवसांनी, २ एप्रिलला, बातमी आली की आपलं लष्कर माल्विनासवर उतरलं! ज्या चौकात परवा लाठ्या बसल्या होत्या, तो आनंदानं नाचणाऱ्या माणसांनी भरून गेला. गाल्तिएरी सज्ज्यात येऊन हात हलवू लागले. एका नावानं महागाई विसरायला लावली, आणि काही दिवस तरी मारही. लष्करशहांचा हिशेब असा होता की, ब्रिटन रागावेल, निषेध करेल, पण एवढ्या दूर काही येणार नाही.

बेटांवर त्या रात्री काय झालं असेल? स्टॅनली हे एकुलतं एक गाव. तिथले ब्रिटिश सैनिक शंभरही नव्हते. गव्हर्नरसाहेबांची सरकारी गाडी म्हणजे लंडनची एक टॅक्सी! गावच्या रेडिओवरचा निवेदक रात्रभर बोलत राहिला. लोक फोन करून कळवत होते, अमुक ठिकाणी गोळ्यांचा आवाज आला, तमुक रस्त्यावर गाड्या दिसल्या. सकाळी गव्हर्नर शरण आले. मग नव्या अंमलदारांनी काय केलं, तर स्टॅनलीचं नाव बदलून 'पुएर्तो अर्जेंतिनो' केलं आणि हुकूम काढला, गाड्या रस्त्याच्या डावीऐवजी उजव्या बाजूनं चालवा.

दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीनं ठराव केला की अर्जेंटिनानं सैन्य मागं घ्यावं. ते घेतलं नाही. आणि ब्रिटन आलं. तिथल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनाही त्या वेळी दिवस बरे नव्हते. बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला होता. गप्प बसल्या असत्या तर खुर्ची गेली असती असं पुष्कळांना वाटतं, आणि मलाही ते पटतं. ५ एप्रिलला पोर्टस्मथ बंदरातून दोन विमानवाहू जहाजं निघाली. मागाहून मिळेल ते जहाज, अगदी हौशी प्रवाशांच्या आलिशान बोटीसुद्धा, सैनिक भरून निघाल्या. सगळी मिळून शंभरावर जहाजं.

त्या ताफ्याचं मुख्य जहाज होतं 'हर्मिस'. या हर्मिसला आपण पुढं वेगळ्या नावानं ओळखलं. युद्धानंतर भारतानं ती विकत घेतली आणि १९८७ मध्ये तिचं नाव झालं 'आयएनएस विराट'! तीस वर्षं ती आपल्या नौदलात होती आणि तिचा मुक्काम मुंबईत असे. २०१७ मध्ये मुंबईतच ती निवृत्त झाली, पुढं गुजरातेत अलंगला तोडली गेली. तुमच्या आईबाबांनी कदाचित ती पाहिलीही असेल. त्यांना विचारा. ती कुठल्या लढाईतून आली होती, हे आता तुम्ही त्यांना सांगू शकाल.

जहाजांना पोचायला तीन आठवडे लागणार होते. या वेळात बोलणी होऊन युद्ध टळेल असं जगाला वाटत होतं. २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडीनं अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' ही युद्धनौका बुडवली. ३२३ माणसं गेली. ही नौका पूर्वी अमेरिकेची होती आणि १९४१च्या पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून ओरखडाही न उमटता वाचली होती. ब्रिटननं बेटांभोवती जो बंदीचा पट्टा जाहीर केला होता, त्याच्या ती बाहेर होती आणि त्या क्षणी बेटांपासून दूर चालली होती. त्यामुळं तिला बुडवणं योग्य की अयोग्य, हा वाद ब्रिटनमध्येही वर्षानुवर्षं चालला. दोनच दिवसांनी अर्जेंटिनाच्या विमानानं सोडलेलं क्षेपणास्त्र 'शेफिल्ड'वर आदळलं. २० जण गेले. आणि शेफिल्ड ज्या नमुन्याची होती, त्याच नमुन्याच्या दोन नौका अर्जेंटिनाकडंही होत्या. काही वर्षांपूर्वी ब्रिटनबरोबरच्याच व्यवहारात मिळालेल्या! आता बोलणी कसली नि काय.

२१ मेला ब्रिटिश सैन्य बेटांवर उतरलं. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडं हिवाळा दाराशी आलेला असतो, कारण पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात ऋतू आपल्या उलटे. सैनिकांना नेणारी मोठी हेलिकॉप्टरं ज्या जहाजावर होती ते जहाजच बुडालं. म्हणून पाठीवर पस्तीस-चाळीस किलोचं ओझं घेऊन कित्येक तुकड्या दलदलीतून नव्वदेक किलोमीटर चालत गेल्या.

आणि समोर खंदकात कोण होतं? अर्जेंटिनात तेव्हा सक्तीची लष्करभरती होती. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, तुमच्या घरातल्या बारावी झालेल्या दादाएवढी. काही जणांचं शिक्षण जेमतेम दोन-तीन महिन्यांचं. कितीतरी जण देशाच्या उत्तरेकडच्या गरम मुलखातले, त्यांना अशी थंडी ठाऊकच नव्हती. खंदकात पाणी साचायचं, बूट वाळायचे नाहीत, पाय सुजून काळे पडायचे. गावातल्या गोदामात अन्न होतं, पण डोंगरावर पोचत नव्हतं. भुकेनं कुणी मेंढी मारून खाल्ली तर त्यांच्याच अधिकाऱ्यांनी त्यांना थंडीत जमिनीला बांधून ठेवलं, असं या मुलांनी नंतर सांगितलं. तिकडं देशात लोक दागिने, लोकरी कपडे, चॉकलेटं गोळा करून देत होते. शाळांतली मुलं पत्रं लिहीत होती. कुणाला लिहायचं हे माहीत नसल्यामुळं पत्राची सुरुवात असायची, 'एका सैनिकाला'. त्यातलं पुष्कळसं कधी पोचलंच नाही.

ब्रिटिशांकडं पगारी, तयार सैनिक होते. त्यांत गुरख्यांची एक पलटणही होती. पण लाँगडन नावाच्या डोंगरावर जे ब्रिटिश सैनिक मेले त्यांत दोघे सतराच वर्षांचे होते.

बेटावरच्या माणसांचं काय? गूस ग्रीन नावाच्या वाडीतल्या ११४ माणसांना, तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, गावच्या एका सभागृहात कोंडून ठेवलं होतं. जवळजवळ चार आठवडे. संडास दोन. २९ मेला त्यांची सुटका झाली. आणि जूनमध्ये, युद्ध संपायला दोन-तीन दिवस उरलेले असताना, ब्रिटिश नौकेचा एक गोळा चुकून स्टॅनलीतल्या घरावर पडला. तीन बायका गेल्या. या युद्धात मेलेले बेटकर एवढेच, आणि ते सोडवायला आलेल्यांच्या गोळ्यानं मेले.

१३ जूनला स्पेनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. पहिलाच सामना अर्जेंटिनाचा, बेल्जियमशी. अर्जेंटिना ०-१ हरलं. दुसऱ्या दिवशी, १४ जूनला, बेटांवरचं त्यांचं सैन्य शरण आलं. ७४ दिवसांत अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जण मेले. तिन्ही मिळून बेरीज तुम्हीच करा आणि बेटांवरच्या १,८०० माणसांशी ताडून पाहा.

गाल्तिएरींना काही दिवसांतच जावं लागलं आणि १९८३ मध्ये अर्जेंटिनात निवडणुका होऊन लोकशाही परत आली. थॅचर १९८३ची निवडणूक दणक्यात जिंकल्या. बेटकरांचं नागरिकत्वही त्याच वर्षी पूर्ण झालं. पुढं मासेमारीच्या परवान्यांतून, विशेषतः माकुळाच्या, त्यांना चांगला पैसा मिळू लागला. मागं राहिले ते सुरुंग. अर्जेंटिनाच्या सैन्यानं पेरलेले हजारो सुरुंग समुद्रकिनाऱ्यांवर तसेच होते, म्हणून मुलांनी वाळूत जायचं नाही. पेंग्विन मात्र खुशाल फिरत. त्यांच्या वजनानं सुरुंग उडत नसत! शेवटचे सुरुंग नोव्हेंबर २०२० मध्ये निघाले. ते शोधून काढणाऱ्यांत झिंबाब्वेची माणसं पुष्कळ होती.

भांडण मात्र मिटलेलं नाही. २०१३ मध्ये बेटकरांना मतदान करून विचारलं, ब्रिटनकडं राहायचं का? १,५१३ जण हो म्हणाले, फक्त ३ जण नाही. अर्जेंटिना म्हणतं, तुम्हीच नेऊन वसवलेल्यांना तुम्हीच विचारता, त्याला काय अर्थ? २ एप्रिलला अर्जेंटिनात सुट्टी असते, मेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून. १४ जूनला बेटांवर सुट्टी असते, सुटकेचा दिवस म्हणून.

आता एकच गोष्ट राहिली, आणि ती सांगावी म्हणूनच हा विषय मी घेतला. युद्ध संपलं तेव्हा अर्जेंटिनाचे कितीतरी सैनिक जिथं पडले तिथंच पुरलेले होते. १९८३ मध्ये जेफ्री कार्डोझो नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याला त्यांची नीट दफनभूमी करायचं काम मिळालं. तो डोंगराडोंगरांतून हिंडला. बऱ्याच जणांच्या गळ्यात ओळखपट्टीच नव्हती. खिशातली चिठ्ठी, एखादं पत्र, यावरून जमेल तेवढी ओळख पटवली. ज्यांची पटली नाही त्यांनाही त्यानं नीट गुंडाळून पुरलं, आणि कोण कुठं सापडला, जवळ काय होतं, हे सगळं वहीत टिपून ठेवलं. त्यांच्या क्रुसांवर स्पॅनिशमध्ये एकच ओळ होती : फक्त देवाला ठाऊक असलेला अर्जेंटिनाचा सैनिक. अशी एकशेवीसहून अधिक थडगी.

२००८ मध्ये हुलिओ आरो नावाचा अर्जेंटिनाचा माजी सैनिक आपले सोबती शोधत त्या दफनभूमीत गेला. त्याला नावं सापडली नाहीत. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याची कार्डोझोशी गाठ पडली, आणि कार्डोझोनं आपल्या जुन्या टिपणांची प्रत त्याच्या हाती दिली. तिथून कामाला सुरुवात झाली. दोन्ही सरकारं कबूल व्हायला आणखी काही वर्षं गेली. २०१७ मध्ये रेडक्रॉसनं थडगी उघडली, हाडांचे नमुने घेतले आणि अर्जेंटिनातल्या घराघरांतून आईचं, भावाबहिणींचं रक्त घेऊन ते जुळवलं. हे जुळवण्याचं काम कुणी केलं माहीत आहे? अर्जेंटिनातल्याच एका तज्ज्ञ गटानं. लष्करशहांनी नाहीशी केलेली माणसं शोधण्यासाठीच तो गट १९८४ मध्ये तयार झाला होता. प्लाझा दे मायोत फिरणाऱ्या आयांची मुलं ज्यांनी शोधली, त्यांनीच सैनिकांच्या आयांची मुलं शोधली.

शंभराहून अधिक जणांना नावं मिळाली. मार्च २०१८ मध्ये दोनशेच्या वर नातेवाईक विमानानं बेटांवर आले. आया आता सत्तरी-ऐंशीच्या होत्या. छत्तीस वर्षं त्यांना आपला मुलगा नक्की कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. वारा तसाच होता. दगडी पाट्या नव्या होत्या आणि त्यांवर मुलांची नावं कोरलेली होती. कुणी जपमाळ ठेवली, कुणी नुसताच हात ठेवला. कार्डोझोही आले होते, आता तेही म्हातारे. आया एकेक करून त्यांना मिठी मारत होत्या.